खालचा कप्पा

फाईल टेबलावर आली तेव्हा मी बिस्किट चहात बुडवलं होतं. ते तसंच बुडालं. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या ऑफिसच्या प्रमुख, वयाने माझ्याहून चौदा वर्षांनी लहान पण खुर्चीमुळे मोठ्या, फाईलवर काळा मार्कर ठेवत म्हणाल्या, "ही मुलगी उद्या अकरा वाजता येतेय, स्वतःची फाईल वाचायला. तुमचीच केस होती ना? मग तुम्हीच बसा तिच्याबरोबर." मी "हो" म्हटलं आणि चमच्याने बिस्किटाचा गाळ काढत बसले. फाईलच्या पुठ्ठ्यावर नंबर होता. नाव वाचायची गरजच नव्हती. एकवीस वर्षांत माझ्या हाताखालून शेकड्यांनी फायली गेल्या असतील, पण हा नंबर मला झोपेतून उठवून विचारला असता तरी मी सांगितला असता. बाई जाता जाता हसून म्हणाल्या, "अहो, चेहरा का असा केलात? छान निघाली असेल मुलगी. आपलं काम सुफळ झालं म्हणायचं." मी मान डोलावली. त्यांना कुठे ठाऊक होतं, की त्या फाईलमध्ये मी केलेली एक चोरी होती आणि ती माझ्याच अक्षरात, तारखेसकट लिहिलेली होती.

आमचं काम सांगायला सोपं आहे. ज्या घरात मूल राहिलं तर त्याचं काही खरं नाही, त्या घरातून त्याला उचलायचं आणि दुसरीकडे ठेवायचं. आधी नातेवाईक शोधायचे, ते नसतील किंवा नको म्हणाले तर सांभाळणारं कुटुंब. नातेवाईक शोधण्यात माझा हात कोणी धरत नसे. बाकीचे मुलांना विचारायचे, तुझे काका कोण, मावशी कोण, राहतात कुठे, आणि पोरं टकामका बघत बसायची. मी तसं कधी विचारलं नाही. मी विचारायची, तुला ताप आला तेव्हा कोण आलं होतं? कोणाच्या घरी पाय धुवायला लावतात? कोणाचा फोन आला की आई मोठ्याने बोलते? आणि मग बोलता बोलता कुठून तरी एक आत्या निघायची, एखादा मामा निघायचा. मोठी माणसं नाती विसरतात, मुलं वास विसरत नाहीत, असं मी नव्या मुलींना शिकवताना सांगते, आणि त्या वहीत लिहून घेतात. दुसरी माझी ख्याती म्हणजे माझे अहवाल. मी आयुष्यात एक रकाना कोरा सोडला नाही. घरात किती भांडी, किती अंथरुणं, दाराला कडी आतून की बाहेरून, सगळं. सहकारी चेष्टेने म्हणायचे, बाई घरात शिरल्या की झुरळंसुद्धा मोजतात. मी मोजायचीही.

हिच्या घरीही मी असंच सगळं मोजलं होतं. एक खोली, एक खाट, एक स्टोव्ह, दोन पातेली. दाराला कडी बाहेरून. ती कडी शेजारणीने काढली तेव्हा मूल दोन दिवस आत होतं. बाप वर्षापूर्वीच वारलेला. आई नशेच्या गोळ्यांच्या नादी लागलेली, कुणा माणसाबरोबर निघून गेली होती. ती येईल म्हणून मी तीन तास त्या खाटेवर बसून राहिले आणि ती आली नाही. मुलगी साडेचार वर्षांची. रडली नाही. तिच्या फ्रॉकच्या खिशात पावाचे वाळके तुकडे होते, ते एकदा चाचपायची आणि पुन्हा गप्प. म्हणून मी तिला खारूताई म्हणायला लागले. शुक्रवारची संध्याकाळ होती. बालगृहात कांजिण्यांची साथ, आणि सांभाळणाऱ्या कुटुंबांपैकी एकाने फोन उचलला नाही, दुसऱ्यांकडे पाहुणे. तेव्हाचे साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले, "तुम्ही एकट्याच तर असता. न्या ना घरी. सोमवारी बघू." सोमवारी कोणी काही बघितलं नाही. मी वर्षानुवर्षांची साठलेली रजा टाकली आणि घरी बसले. फाईलमध्ये या सगळ्याची एकच ओळ आहे, 'तात्पुरती व्यवस्था.' एकोणीस दिवसांची एक ओळ.

संध्याकाळी ऑफिस रिकामं झालं तेव्हा मी मार्करचं टोपण काढलं. पद्धत अशी आहे की वाचायला देण्याआधी फाईलमधली परक्यांची नावं, पत्ते, फोन नंबर काळे करायचे. मुलाचं आणि त्याच्या आईबापांचं तेवढं ठेवायचं. मी शेजारणीचं नाव काळं केलं, त्या माणसाचंही केलं. मग ती चिठ्ठी आली. आखीव कागदाचा तुकडा, पानाला टाचलेला. वर मुलीच्या आत्याचा फोन नंबर आणि खाली माझ्या अक्षरात नऊ तारीख. त्याच्या मागच्या पानावर आत्याला केलेल्या पहिल्या फोनची नोंद. तारीख तेवीस. चोरी करतानासुद्धा पावती फाडणारी बाई मी, सवयीने तारीख टाकून मोकळी झाले होते. पाचव्या दिवशी दुपारी बादलीत पाणी घेऊन ती फरशीवर खेळत होती, आणि मी असंच, सवयीने, विचारलं, तुला खांद्यावर कोण घ्यायचं? ती म्हणाली, आजोबा. त्यांच्या अंगाला लाकडाचा वास येतो, आणि त्यांच्या घरावर मोठ्ठं घड्याळ आहे. घड्याळाच्या मनोऱ्याजवळचा सुतार शोधायला मला दीड तास लागला. चार फोन, पाचव्या फोनवर त्याच्या मुलीचा, म्हणजे पोरीच्या आत्याचा, नंबर. तो लिहिला, तारीख टाकली आणि रिसीव्हर पुन्हा उचलणार एवढ्यात ती ओल्या पावलांनी माझ्याजवळ आली आणि माझ्या साडीला हात पुसायला लागली. मी रिसीव्हर ठेवून दिला. उद्या करू, असं म्हटलं. असं मी चौदा दिवस म्हटलं.

नंबर काळा करायचाच होता. नियमच होता तो. त्याच्या खाली अर्ध्या बोटावर तारीख. हात जरा घसरला असता तर कोणाला काही कळलं नसतं. मी मार्कर धरून किती वेळ बसले कोण जाणे. त्याच्या वासाने डोकं दुखायला लागलं. मग नंबरावरून सरळ एक रेघ ओढली आणि तारीख सोडून दिली. ते काही मोठेपण म्हणून नाही. खरं सांगायचं तर मला ती पुसवेना. अख्ख्या फाईलमध्ये, पंचेचाळीस पानांत, ती पोर कोणाला हवीहवीशी वाटली होती याचा पुरावा कुठेच नव्हता. होता तो त्या नऊ आणि तेवीसच्या मधल्या कोऱ्या जागेत. तेवढंच माझं आईपण, आणि तेवढाच माझा गुन्हा. दोन्ही एकाच जागी होते त्याला मी काय करणार?

आणि तो गुन्हा नुसता कागदावरचा नव्हता. तेवीस तारखेला मी फोन केला तेव्हा पलीकडून आत्या म्हणाली, "बाई, आठवडाभर आधी केला असता हो फोन. आमचे दादा, पोरीचे आजोबा, फोनजवळ खुर्ची टाकून बसायचे. पोरीला कुणीतरी नेलं एवढंच कानावर आलं होतं. किती ऑफिसं झाली, या खिडकीवरून त्या खिडकीवर. सोळा तारखेला गेले." ती रडत नव्हती, माझे आभार मानत होती. संध्याकाळी चार तासांचा प्रवास करून आली. येताना पोरीसाठी बुटकं स्टूल घेऊन आली, म्हाताऱ्याने करून ठेवलेलं. माझे हात हातात घेऊन म्हणाली, तुम्ही देवमाणूस. मला वाटलं होतं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. जमिनी काही अशा वेळी दुभंगत नाहीत. मी पोरीचे कपडे पिशवीत भरले, खिशातले पावाचे तुकडे तसेच राहू दिले आणि रिक्षापर्यंत गेले. रिक्षा वळेपर्यंत ती मागे बघत होती. की पुढे? इतक्या वर्षांनी आता मला नक्की सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी ती अकराला दहा कमी असतानाच आली. पंचविशीची, उंच, केस मानेवर घट्ट बांधलेले, हातात पाण्याची बाटली. मी तिच्यात तिला शोधायला लागले आणि ती काही सापडेना. फक्त बसताना तिने एकदा कोटाचा खिसा चाचपला. मी म्हटलं, "या, बसा," आणि ते 'बसा' मलाच बोचलं. मी तिला सगळं समजावून सांगितलं, एकेक पान मी देणार, हवं तिथे थांबा, हवं ते विचारा. ती ऐकत होती, पण पाठ केलेलं काहीतरी म्हणून टाकायची घाई असावी तशी मधेच म्हणाली, "मॅडम, मला दोनच गोष्टी हव्यात. आजोबांची आणि माझी शेवटची भेट का झाली नाही, ते. आत्या म्हणते, सरकारी काम असंच असतं, सोडून दे. पण तिचं एक बरं आहे, तिला सोडून देता येतं. आणि दुसरं माझ्या आईबद्दल. आत्याने तिला एकदाच पाहिलंय, लग्नात. फोटो नाही, काही नाही. मला तिची एकच आठवण आहे."

मी म्हटलं, "कोणती?" तिने बाटलीचं झाकण उघडलं आणि लावलं. "हसाल तुम्ही. मी कपाटात झोपायचे. खालच्या कप्प्यात. दुपार असायची, कारण फटीतून उजेड यायचा. डांबरगोळ्यांचा वास. अजून कुठे तो वास आला ना, की मला झोप येते, दुकानातसुद्धा. आणि आई बाहेर, खाली फरशीवर आडवी. दिसायची नाही. फक्त तिचा हात आत. मी करंगळी धरायचे, आणि ती पाढे म्हणायची. गाणं नाही, पाढे! सतराचा. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस... पाच्यापर्यंत मी झोपायचे बहुतेक, कारण पुढचं मला आठवतच नाही. मी शाळेत पाढे पाठ केले तेव्हा सतराचा मुद्दाम अर्धाच ठेवला. सगळे म्हणतात ती वाईट होती. असेल. पण जी बाई असा हात घालून पडून राहते..." मग एकदम कामाचं बोलल्यासारखी म्हणाली, "शिकलेली असणार ना ती? सतराचा पाढा येतो म्हणजे? फाईलमध्ये असेल ते."

मला वाटतं मी पाणी प्यायले. तिचंच पाणी प्यायले, तिच्या बाटलीतलं, आणि तिने काही म्हटलं नाही. माझ्या घरी पहिल्या रात्री ती पलंगावर झोपेना, पलंगाखाली शिरली, तिथून निघून दाराआड गेली आणि शेवटी माझ्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात, चादरींवर, सापडली. मी चादरी काढल्या, उशी ठेवली, दार अर्धं उघडं ठेवलं. मला अंगाईगीतं येत नव्हती, कोणासाठी येणार? पाढे येत होते. माझे वडील शाळामास्तर, तिसापर्यंत पाढे घोकून घेतलेले. सतराचा मला सगळ्यात आवडायचा, त्याला कसला ताल नाही म्हणून तो म्हणताना जागं राहावं लागतं. दंडाला मुंग्या यायच्या. पण हात काढून घेतला तर ती उठेल म्हणून मी तशीच पडून राहायची, आणि फरशीच्या गारव्यात, कपाटाच्या पायाशी, मला माझ्या आयुष्यात पहिल्यांदा कुठे जायची घाई नसायची. बावीस तारखेच्या दुपारी सतरा चोक अडुसष्टच्या आसपास ती आतून झोपेत म्हणाली, "आई." त्या एका शब्दासाठी मी चौदा दिवस चोरले होते, आणि तो ऐकला तशी मी घाबरले. हा शब्द दुसरीचा होता. दुसऱ्या दिवशी मी फोन केला. तो कप्पा मी तेव्हापासून रिकामा ठेवलाय. धाकटी बहीण आली की चिडवते, "ताई, तुझ्या कपाटाला तळमजला नाही का गं? किती वर्षं भाडेकरू शोधतेस?" मी म्हणते, ओल येते तिथे.

म्हणजे ती विसरली नव्हती. एकवीस वर्षं मी समजत होते की साडेचार वर्षांच्या पोराच्या डोक्यात काय राहणार, एकोणीस दिवस म्हणजे काय. आणि तिने नेमके तेच ठेवले होते, पावाच्या तुकड्यांसारखे, खिशात. फक्त माझ्या नावावर नव्हते. मला ओरडून सांगावंसं वाटलं, अगं वेडे, तो हात हा आहे, बघ, ही करंगळी. हात टेबलावरच होता, तिच्या हातापासून वीतभर. मी तो उचलून मांडीवर घेतला. कारण तिला हे सांगितलं की तिच्याजवळ काय उरणार होतं? बाहेरून कडी लावून गेलेली बाई आणि दोन पातेली. तिच्या आईचं आणखी काही जगात शिल्लक नव्हतं. ती दोन वर्षांनी कुठल्याशा दवाखान्यात वारल्याची नोंद फाईलच्या शेवटच्या पानावर आहे.

चौथं पान काढताना माझ्या लक्षात आलं. माझाच अहवाल, माझंच सुबक अक्षर. 'घरात कपाट नाही, कपडे खोक्यात.' आणि खाली, 'शेजारणीच्या सांगण्यावरून, आई : निरक्षर. अक्षरओळख नाही, अंकओळख नाही.' काल हीच पानं तपासली होती तेव्हा या ओळींवरून नजर सहज पुढे गेली होती. मी म्हटलं, "एक मिनिट हं. इथे दोन नावं झाकायची राहिली." मार्करचं टोपण काढलं. काल ज्या हाताला स्वतःसाठी एक तारीख झाकवली नाही, तो आज जराही अडला नाही. दोन्ही ओळी नीट, काठोकाठ काळ्या केल्या, शाई वाळू दिली आणि पान तिच्यापुढे सरकवलं. ती बोट ठेवून वाचत गेली. काळ्या पट्ट्यांवरून बोट फिरवून म्हणाली, "शिक्षणाचं काही दिसत नाही." मी म्हटलं, "नोंद नाही केली तेव्हा. राहिलं. चूक माझी." माझ्या मेलेल्या साहेबांनी हे ऐकलं असतं तर उठून बसले असते. ती पुटपुटली, "पण पाढा येत होता." मी म्हटलं, "येत असणार."

चिठ्ठीच्या पानावर ती बराच वेळ थांबली. पुढचं पान उलटलं, मागे आली, पुन्हा उलटलं. तिचे ओठ हलत होते. "नऊ," ती म्हणाली. "आणि हा तेवीस." मग माझ्याकडे न बघता, "आजोबा सोळाला गेले." मी म्हटलं, "हो. नंबर मला नऊला मिळाला होता. मी फोन केला नाही."

"का?"

"तू माझ्या घरी होतीस. मला तुला सोडवेना." तू म्हणून गेले. ते आता परत घेता येणार नव्हतं.

तिचा चेहरा कानाच्या पाळ्यांपासून लाल होत गेला. "सोडवेना म्हणजे? मी काय मांजराचं पिल्लू होते? तिथे एक माणूस फोनजवळ बसून होता. माझ्यासाठी स्टूल करत होता. आत्या आजही ते पुसते, त्याच्यावर कोणाला बसू देत नाही. आणि तुम्हाला... आवडले मी?" शेवटचा शब्द तिने थुंकल्यासारखा टाकला. मी म्हटलं, "हो. फार." माफी मागितली असती तर ती तिला द्यावी लागली असती किंवा नाकारावी लागली असती. ते ओझंही तिच्यावर का घालायचं? मी एवढंच सांगितलं, की तक्रारीचा अर्ज बाहेर मिळतो, माझं नाव घाल, मी नाकारणार नाही. ती उठली. खिडकीजवळ गेली, पाठमोरी उभी राहिली. खाली रस्त्यावर कोणीतरी दुकानाचं शटर वर ढकलत होतं, ते मधेच अडकत होतं.

मग ती वळली. राग होता, पण त्याच्या मागे आता दुसरंच काहीतरी होतं, भीतीसारखं. लहानपणी दार वाजलं की यायचं तसलं. हळूच म्हणाली, "तुमच्या घरी... मी कुठे झोपायचे?"

मला आयुष्यात कोणी याहून सोपा प्रश्न विचारला नाही. उत्तर जिभेवर होतं, एकवीस वर्षं होतं. नुसतं म्हणायचं होतं, सतरा पाचे पंच्याऐंशी. ती पुढे ऐकत थांबली असती, आणि मग कदाचित, आज नाही तर दहा वर्षांनी, त्या हाताचा राग मावळून नुसता हात उरला असता. मला तो इतका हवा होता की दंडाला खरोखर मुंग्या आल्या.

"पलंगावर," मी म्हटलं. "भिंतीच्या बाजूला. पडू नयेस म्हणून मी लोड लावायची."

"कपाट होतं?"

"होतं. पुस्तकांचं. काचेचं."

तिने श्वास सोडला. इतका मोठा, की टेबलावरचा कागद हलला. "मग ती आईच होती," ती म्हणाली.

"आईच," मी म्हटलं.

फाईलची प्रत घेऊन ती गेली. नमस्कार केला नाही, ते बरोबरच होतं. दारात तिने एकदा खिसा चाचपला आणि जिना उतरली. मी वाचनाच्या नोंदीचा कागद पुढे ओढला. त्यात एक रकाना असतो, 'अर्जदाराने सांगितलेल्या आठवणी.' तो मी कोरा सोडला आणि खाली सही केली. मग खोलीचं दार लोटून घेतलं, हात टेबलावर पालथा ठेवला, आणि पाच्याच्या पुढचा तिला कधी ऐकू न आलेला पाढा म्हटला. सतरा सक एकशे दोन. सतरा साती एकशे एकोणीस. सतरा आठी एकशे छत्तीस. सतरा नव्वे एकशे त्रेपन्न. सतरा दाहे एकशे सत्तर.